मोरिन खूर : घोड्याच्या शेपटीचा आवाज आणि आजचं मंगोल संगीत

खर्ज

गेले तीन आठवडे एकाच वाद्याच्या नादी लागलोय, म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी, चुकलो तर कान धरावा.

सुरुवात बहुतेकांची होते तिथूनच झाली. 'द हू' या मंगोल बँडची 'युवे युवे यू' आणि 'वुल्फ टोटेम' ही दोन गाणी २०१८ साली यूट्यूबवर आली. उघडी माळरानं, डोंगर, घशाच्या तळातून काढलेला खर्ज, आणि वर गिटार असेल असं वाटावं तिथे एक लांब मानेचं, चौकोनी पेटीचं, टोकाला घोड्याचं डोकं कोरलेलं वाद्य. तेच मोरिन खूर. मंगोल भाषेत 'मोरिन' म्हणजे घोड्याचं आणि 'खूर' म्हणजे तंतुवाद्य. आपल्या खुराशी याचा काही संबंध नाही, पण मराठी कानाला घोड्याची टाप ऐकू येते ती येतेच.

पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं, रॉकच्या अंगावर चढवलेला हा पारंपरिक दागिना आहे. नंतर नुसत्या खुराची, एकट्या वादकाची ध्वनिमुद्रणं शोधून ऐकली आणि मत पार बदललं. वाद्याला दोनच तारा, आणि त्या धातूच्या नाहीत, आतड्याच्याही नाहीत. घोड्याच्या शेपटीचे केस जुडीनं ताणलेले. जाड तार घोड्याच्या केसांची, ती 'नर' तार. बारीक तार घोडीच्या केसांची, ती 'मादी'. परंपरेनं आकडाही सांगतात, जाडीला १३० केस आणि बारकीला १०५. हे केस पिळत नाहीत, शेजारी शेजारी सरळ ठेवतात. आणि गजाला, म्हणजे तारेवर घासायच्या दांड्याला काय? तेही घोड्याचेच केस.

म्हणजे केसावर केस घासला जातो. प्रत्येक सुराच्या आधी एक श्वासासारखी खरखर येते, मग सूर उगवतो. माझ्यासाठी सगळं वाद्य त्या खरखरीत आहे. प्रश्न असा की ड्रम, बेस आणि ॲम्प्लिफायरच्या संगतीत ती खरखर टिकते का? आणि टिकत नसेल तर जे उरतं त्याला मोरिन खूर म्हणायचं का?

रानवारा

अरे वा, माझ्या आवडीचा विषय! मी मेटलकडून इकडे आले. द हू २०१६ मध्ये मंगोलियाच्या राजधानीत, उलानबातरला सुरू झाला आणि 'द गेरेग' हा पहिला अल्बम २०१९ चा, पण ही वाट त्यांनी पाडलेली नाही. उलानबातरमधलाच अल्तान उराग २००२ पासून खुरावर रॉक वाजवतोय. 'मोंगोल' या २००७ च्या चित्रपटात त्यांचं संगीत आहे. बीजिंगमध्ये हांगाय २००४ पासून. त्यांचा संस्थापक आधी पंक बँडमध्ये गायचा, मग चीनमधल्या आंतर-मंगोलियातल्या आपल्या मुळांकडे वळला. टेंगर कॅव्हलरी २०१० मध्ये सुरू झाला, थेट मेटल.

या सगळ्यांत खूर मागे बसलेलं नाही. गाणी त्याच्यावर उभी आहेत. हांगायपासून सुरुवात करा, ते सगळ्यांत मोकळं वाजवतात.

धैवत

धागा छान, पण मला हे सगळं पटत नाही आणि स्पष्ट लिहितो.

तुम्ही म्हणता ती खरखर मी या बँडांच्या गाण्यांत शोधली. पहिल्या चार-सहा सेकंदांत, सुरुवातीच्या एकट्या तुकड्यात, मिळते. ड्रम आले की संपलं. पुढे जे ऐकू येतं ते कुठलंही गजाचं वाद्य असू शकेल, चेलो लावला तरी नव्वद टक्के लोकांना फरक कळणार नाही. मग घोड्याचं डोकं उरतं ते कॅमेऱ्यासाठी. युनेस्कोनं २००३ साली मानवजातीच्या मौखिक आणि अमूर्त वारशाची उत्कृष्ट कृती म्हणून मोरिन खुराचं संगीत घोषित केलं, २००८ मध्ये ते प्रातिनिधिक यादीत गेलं. हा मान माळावर, तंबूत, चार माणसांत वाजणाऱ्या गोष्टीला मिळाला होता.

वाद्य जगलं पाहिजे हे मान्य. पण आवाज मेला आणि आकार जगला, तर त्याला जगणं म्हणवत नाही मला.

गजतार

मी सारंगी शिकतो, अकरा वर्षं झाली. खूर वाजवत नाही, पण हाताबद्दल थोडं सांगू शकतो, कारण यात मला माझंच बोट दिसलं.

सारंगीत तार पट्टीवर दाबत नाहीत. नखाच्या मुळाशी जी कातडी असते ती तारेला बाजूनं टेकवायची. सुरुवातीचे सहा महिने तिथे सालपटं निघतात, नंतर घट्टा पडतो. मोरिन खुरातही तार दांड्यावर दाबलेली नसते, बोट आणि दांडा यांच्यात मोकळी हवा. तर्जनी आणि मधलं बोट नखाच्या मुळाकडून बाजूनं टेकतात. करंगळीचं काम मात्र मी आजवर दुसऱ्या कुठल्या वाद्यात पाहिलं नाही. ती जाड तारेच्या खालून पलीकडे जाते आणि बारीक तारेला टोकानं शिवते. एकदा जवळून घेतलेल्या व्हिडिओत पाहा, हाताची कोळ्यासारखी जाळी दिसते.

गज खालून, तळहात वर करून धरतात आणि बोटांनी गजाचे केस बाहेर ढकलून ताण देतात. म्हणजे वाजवता वाजवता ताण कमीजास्त होतो. खर्जसाहेब ज्याला खरखर म्हणतात तिचा निम्मा हिशोब या बोटांत आहे. ताण सैल करून गज टेकवला तर श्वास जास्त, सूर कमी. ताण भरला की सूर स्वच्छ. वादक दर आघाताला ते ठरवत असतो.

दोन तारांत षड्ज-मध्यमाचं अंतर. आजकाल जाड तार एफला आणि बारीक बी फ्लॅटला लावतात. तरफा, म्हणजे मुख्य तारांसोबत आपोआप गुंजणाऱ्या तारा, नाहीत. त्यामुळे सारंगीसारखी मागे गुंजणारी आस नाही, सूर कोरडा येतो आणि कोरडा जातो. मला आधी ते उणं वाटलं. दोन-तीन दिवस ऐकल्यावर माझीच सारंगी फार बोलते असं वाटायला लागलं.

पठार

कामानिमित्त मी उलानबातरला दोन वर्षं होते. तिथे खूर शिकायला लागले, अजून शिकतेच आहे. घरात एक आहे. धैवत, तुमचं म्हणणं मनापासून वाचलं, पण त्यात एक गृहीत आहे आणि तिथेच मला अडखळायला झालं.

तुम्ही ज्याला मूळ आवाज समजताय तो बहुधा लाकडी पेटीचा आहे. आज मंगोलियात नवं मोरिन खूर घेतलंत तर पेटीचं तोंड लाकडाचं असतं, त्यावर व्हायोलिनसारखी वळणदार छिद्रं असतात. हे पारंपरिक नाही हो! जुन्या खुराच्या पेटीवर कातडं ताणलेलं असे, उंटाचं, बकरीचं नाहीतर मेंढीचं. छिद्र मागच्या बाजूला. १९६० च्या दशकात यारोवोई नावाचे सोव्हिएत वाद्यकारागीर मंगोलियात आले आणि व्हायोलिन-चेलोच्या अंगानं खुराची पेटी नव्यानं बांधली गेली. जी. जाम्यान हे थोर खूरवादक त्या कामात होते, पुढच्या पिढ्यांना बसण्यापासून बोटांपर्यंत शिकवणारेही तेच. चीनच्या बाजूला, आंतर-मंगोलियात, ची बुलाग यांनी स्वतंत्रपणे तेच केलं. कातडं काढून लाकूड बसवलं आणि केसांच्या जागी नायलॉन आणलं.

हे का केलं? कातडं हवा पाहून बदलतं. दमट दिवशी ढिलं, कोरड्या दिवशी ताणलेलं, स्वर जागेवर राहत नाही. तंबूत एक गायक आणि एक वादक असेल तर काही अडत नाही, दोघं मिळून खाली-वर होतात. पण वीस खुरं एका रांगेत बसवायची, सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा, तर एकसारखा आणि मोठा आवाज हवा. १९९२ मध्ये राष्ट्रीय मोरिन खूर वृंद स्थापन झाला. कातड्याच्या वाद्यांवर तो उभा राहणं फार अवघड गेलं असतं.

तेव्हा बदल बँडांनी आणलेला नाही. बँडमधल्या मुलांच्या हातात जे वाद्य आलं तेच त्यांच्या आजोबांच्या काळात सभागृहासाठी बदललेलं होतं. त्यांनी फक्त सभागृह मोठं केलं.

धैवत

पठार, हे मला माहीत नव्हतं. मनापासून आभार.

पण माझा मुद्दा यानं सुटत नाही, उलट एक पिढी मागे सरकतो. तेव्हाही आवाजाचं काहीतरी गेलंच असणार. कातड्याचा आवाज आज कुठे ऐकायला मिळेल?

पठार

मिळेल. उत्तरेला, रशियाच्या हद्दीतल्या तुवामध्ये 'इगिल' आहे, खुराचा सख्खा भाऊ. दोन तारा, केसांच्या, पेटीवर कातडं. हून-हूर-तू हा तुवाचा गट १९९२ पासून जगभर हिंडतोय. त्यांचे गायक कायगल-ओल खोवालिग गातात तेव्हा त्यांच्या हातात बहुतेकदा इगिल असतं. आवाज नाकातून आल्यासारखा, थोडा घोगरा आणि जवळचा, जणू कानाशी कुणी बोलतंय. लाकडी खूर त्यामानानं छाती भरून बोलतं.

दोन्ही एकामागोमाग ऐका, हेडफोनवर. आणि कुठलं खरं हा प्रश्न निदान तेवढा वेळ बाजूला ठेवा, ही विनंती.

सायसाखर

वाचनखूण साठवली. फार सुंदर चर्चा. मी संगीतातली नाही, एक बाळबोध प्रश्न विचारते. खूर ऐकून उंटीण रडते असं कुठेतरी वाचलं होतं. खरं आहे का?

खर्ज

सायसाखर, बाळबोध कसला! मी याच प्रश्नाच्या मागे एक अख्खी रात्र घालवली आहे.

गोबीच्या वाळवंटात कधी कधी उंटीण आपल्या पिल्लाला जवळ घेत नाही, दूध देत नाही. बाळंतपण अवघड गेलेलं असतं किंवा पिल्लू दुसऱ्या मेलेल्या उंटिणीचं असतं. अशा वेळी तिला पिल्लाशेजारी बांधून तिच्यासमोर गाणं म्हणतात, त्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा आळवतात, आणि सोबत खूर किंवा बासरी वाजते. २०१५ मध्ये युनेस्कोनं हा विधी तातडीनं जपण्याच्या यादीत घातला. गोबीतली कुटुंबं उंट सोडून शहराकडे किंवा मोटारसायकलकडे वळली की विधीची गरजच राहत नाही, म्हणून तातडी.

'द स्टोरी ऑफ द वीपिंग कॅमल' हा २००३ चा चित्रपट यावरच आहे. त्यात वादक आधी खूर उंटिणीच्या पाठीवरच्या उंचवट्याला अडकवतो. वाजवत कुणीच नाही. वारा तारांतून जातो आणि वाद्य आपोआप घुमायला लागतं. उंटीण कान टवकारून ऐकते. मग वादक ते उतरवून घेतो, वाजवायला बसतो आणि घरातली बाई गायला लागते. पुढे तिच्या डोळ्यांतून पाणी येतं ते पडद्यावर दिसतं. पिल्लू पितं.

वाऱ्यानं वाजणारं ते खूर मी वीसेक वेळा मागे घेऊन ऐकलं असेल.

रानवारा

अंगावर काटा आला वाचून.

पण मला धैवत यांच्या 'चेलो लावला तरी कळणार नाही' या वाक्याकडे परत यायचंय, कारण तिथे माझं ठाम मत आहे. खुरावर 'तातलगा' नावाचा एक प्रकार वाजवतात. एक तार सतत चालू, दुसरीवर छोटे तुकडे, आणि सगळं मिळून घोड्याची चाल. दुडकी, भरधाव, थकून मंदावलेली. 'जोनोन खार'ची चाल म्हणून एक प्रसिद्ध तातलगा आहे, तो ऐका. मग मेटलमधली ती दौडती रिफ, गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा तो तुकडा ऐका, जी आम्ही पोरं वर्षानुवर्षं डोकी हलवत ऐकत आलो. तीच चाल आहे. धरून ठेवलेला एक खालचा स्वर आणि त्याच्यावर टापा.

म्हणजे या बँडांना रॉक आणि खूर यांची सोयरीक जुळवायला फार खटाटोप करावा लागला नसेल. ताल आधीच वाद्यात होता. नीट ऐकलंत तर या गाण्यांत खूर पुष्कळदा सुरावट सोडून लयीचंच काम करतं. चेलोवर हे वाजवता येईल, पण चेलोवादकाच्या मनगटात तो घोडा नसतो.

पठार

जोनोन खार निघालाच आहे तर त्याची गोष्टही सांगते. नामजिल नावाचा एक गाणारा तरुण दूर पश्चिमेला सैनिक म्हणून गेला. तिथे त्याचं एका मुलीवर प्रेम बसलं. परतताना तिनं त्याला पंखांचा काळा घोडा दिला, तोच जोनोन खार. दिवसा साधा घोडा, रात्री उडून तिच्याकडे. घराजवळच्या दुसऱ्या एका स्त्रीला हे सहन झालं नाही, तिनं घोड्याचे पंख कापले. घोडा मेला. नामजिलनं त्याचं डोकं लाकडात कोरलं, पेटीवर त्याचं कातडं ताणलं, शेपटीच्या तारा केल्या आणि घोड्याची चाल, खिंकाळणं वाजवत बसला.

माझ्या शिक्षकांनी ही गोष्ट पहिल्या दिवशी सांगितली. मग खुंट्या दाखवल्या, दोन बाजूंना दोन. त्यांना मंगोल भाषेत 'चिख' म्हणतात, कान. स्वर उतरला की शिक्षक म्हणत, "कान ओढ त्याचा."

गजतार

ध्वनिमुद्रणाबद्दल दोन शब्द, कारण धैवत यांची तक्रार मला निम्मी पटते, पण दोष वेगळीकडे दिसतो.

गजाच्या वाद्याला रॉकच्या मंचावर नुसता समोर माइक ठेवून भागत नाही. ड्रम त्यात शिरतात, आवाज वाढवला की स्पीकरचं परत येऊन शिट्टी वाजते. म्हणून घोडीपाशी, म्हणजे तारा ज्या लाकडी पुलावर टेकतात तिथे, पिकअप लावतात. पिकअप लाकडाची थरथर उचलतो, हवेत फिरलेला आवाज उचलत नाही. खरखर गजाच्या आसपासच्या हवेत जास्त असते. तिथेच ती गळते. सारंगीचंही नेमकं हेच होतं. एकदा मोठ्या कार्यक्रमात माझ्या वाद्याला पिकअप लावला होता. परतीच्या स्पीकरमधून आलेला आवाज ऐकून मी वाजवायचा थांबलो, मला वाटलं दुसरं कुणीतरी वाजवतंय.

मग उपाय? ज्यांना पिकअपसोबत जवळ एक छोटा माइकही ठेवायची चैन परवडते, आणि रचनेत ज्यांनी खुरासाठी जागा मोकळी ठेवली आहे, तिथे आवाज वाचतो. म्हणून या बँडांची तुलना करताना स्टुडिओतलं आणि मंचावरचं वेगळं ऐकावं.

धैवत

चार दिवस गप्प होतो कारण ऐकत होतो. पठार यांच्या सांगण्यावरून हून-हूर-तू आणि मग स्वतःहून शोधून एगशिग्लेन आणि खुसुग्तुन. एगशिग्लेन १९९१ मध्ये उलानबातरच्या संगीत विद्यालयातल्या मुलांनी काढलेला गट, खुसुग्तुन २००९ चा. दोघंही आजचेच, नव्या रचना वाजवणारे, मंचावर येणारे. ड्रमसेट नाही. दोन-तीन खुरं, 'इख खूर' म्हणजे मोठं, खर्जातलं खूर, सोबत गळे.

आणि खरखर आहे! भरपूर आहे. खुसुग्तुनच्या एका गाण्यात शेवटी सगळे थांबतात आणि एकच गज उरतो, तारेवरून जवळजवळ वजन न टाकता जाणारा. सूर संपल्यावरही दोन सेकंद केस ऐकू येतात.

म्हणून माझं म्हणणं सुधारून लिहितो. आजच्या संगीतात हा आवाज मरतो असं मी म्हणालो ते चूक होतं. तो गर्दीत मरतो. रानवारा, तुमचा तातलगाचा मुद्दा मी मान्य करतो, घोडा त्या गाण्यांत आहे. श्वास मात्र मला अजून तिथे मिळालेला नाही. मिळाला तर इथे येऊन लिहीन.

रानवारा

धैवत, मंजूर. तोपर्यंत हांगायची संथ गाणी ऐका, वेगवान नको. बहुतेक तिथे सापडेल तुम्हाला.

पठार

धागा वर काढतेय, कारण काल एक गोष्ट घडली.

माझ्या खुराला दोन्ही तारा नायलॉनच्या होत्या. शिकाऊ माणसाला त्याच देतात, टिकतात आणि स्वर धरून राहतात. धागा वाचून राहवलं नाही, म्हणून उलानबातरच्या मैत्रिणीकडून केसांची जाड तार मागवली. काल बसवली. सकाळी हवेत ओल होती, तासाभरात तार अर्ध्या सुरानं उतरली. कान ओढला. पुन्हा उतरली. चौथ्यांदा नाद सोडला आणि जिथे उतरली तिथेच वाजवायला घेतलं, बारीक तारही तिच्यामागे खाली आणली.

मैत्रिणीनं सोबत एक तुटलेली जुनी तारही पाठवली होती, नुसती पाहायला. तिचं टोक सोडलं, पांढऱ्या कपड्यावर केस पसरले आणि खर्ज यांचा १३० चा आकडा मोजून पाहायला बसले. शंभर ओलांडेपर्यंत नीट गेलं. पुढे तुटके, अर्धे, दुभंगलेले, कुठला एक मोजावा आणि कुठले दोन ते ठरेना. काही काळे होते, काही मधासारखे पिवळट, एक पूर्ण पांढरा. नाकाजवळ नेले तर राळेचा वास, आणि त्याच्या खाली अगदी पुसट, घोड्याचा.

बारीक तार नायलॉनचीच ठेवली आहे सध्या. जाड तारेवर रोज सकाळी अर्धा तास, नुसता मोकळा गज.